भातातली तीन बोटं

देवाला शरीर असतं, असं माझे बाबा वीस वर्षं मानत होते आणि त्याला कारण मी होतो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी तसं काहीच कोणाला फारसं सांगत नाही. आमच्या घरात बोलायचं काम आईबाबांनी वाटून घेतलं होतं, माझ्या वाट्याला काही उरलं नव्हतं, अशी माझी सोयीची समजूत होती. आता पंचेचाळिशी उलटली. सांगून टाकतो.

तुमच्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्या विदर्भातल्या लोकांच्या महालक्ष्म्या. भिलाईत आमच्या दोन पिढ्या गेल्या, मुलं घराबाहेर पडली की हिंदीत बोलतात, पण महालक्ष्म्या मात्र जशाच्या तशा. लोखंडी स्टँडवर लुगडी नेसवून दोघी उभ्या करायच्या, पितळी मुखवटे बसवायचे, सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, वडे, आंबील असं ताट वाढायचं आणि मग मधल्या खोलीच्या दाराला पडदा लावून सगळ्यांनी बाहेर बसायचं. त्या जेवतात. पाऊण तास आत कोणी जायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. मग आई टाळी वाजवून पडदा सारते आणि घरचे लोक जेवायला बसतात.

बाबांना हे पटत नसे. ते भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला रूळ मापात आहे की नाही हे पाहायचं आणि नसेल तर परत पाठवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. दरवर्षी ताट वाढताना ते दारात उभे राहायचे आणि दरवर्षी तेच म्हणायचे.

"देव म्हणजे शक्ती आहे वो. विजेसारखी. तिले तोंड नाही, पोट नाही. विजेले तू पुरणपोळी वाढते का?"

"विजेलेबी मीटर असते," आई वरण ओतता ओतता म्हणायची. "फुकट नाही येत ती."

"अवो, पण देव निराकार आहे."

"निराकार आहे ना? मग येत्या महिन्याचा पगारबी निराकारच घेऊन या. मी सांभाळून ठेवतो कपाटात."

आई बोलताना 'ठेवतो' असंच म्हणते, तिच्या माहेरी बायकाही तसंच बोलतात. हा वाद इतका जुना होता की दोघांनाही त्यात जिंकायचं नव्हतं. बाबा हरले तर आईला करमलं नसतं, आणि आई हरली असती तर बाबांना चौदा-पंधरा भाज्यांना मुकावं लागलं असतं.

छत्तीसगड राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहत होतो आणि मी एका छोट्या खासगी कारखान्यात नुकताच लागलो होतो. महालक्ष्म्यांच्या दिवशी माझी दुपारची दोनची शिफ्ट होती. त्याच दुपारी क्रिकेटची मॅच होती आणि नेहरू नगरात एका मित्राकडे मोठा टीव्ही होता. कारखान्यात आत शिरताना हजेरीचं कार्ड मशीनमध्ये पंच करावं लागे. माझं कार्ड दुसऱ्या एकानं पंच करायचं ठरलं. त्या पोरानं ते केलंही. मी घरून वेळेवर निघालो, डबा घेतला, आईच्या पाया पडलो आणि ड्युटीऐवजी नेहरू नगरला गेलो.

तिथं पोचल्यावर लक्षात आलं की चष्मा घरी राहिला. चष्म्याशिवाय मला टीव्हीवर चेंडू तर सोडाच, बॅट्समनही दिसत नसे. चष्मा होता मधल्या खोलीत, महालक्ष्म्यांच्या मागच्या खिडकीच्या फळीवर. सकाळी फुलांच्या माळा बांधताना मीच तिथं ठेवला होता.

परत आलो. घराच्या पुढच्या बाजूनं जाणं शक्य नव्हतं, मी तर ड्युटीवर होतो. मागच्या अंगणातून मधल्या खोलीला एक दार होतं. बूट काढून आत गेलो. पडद्यापलीकडे बाहेरच्या खोलीत सगळे गप्प बसले होते. आईच्या बांगड्या तेवढ्या अधूनमधून वाजत होत्या. मी दोघींच्या मधून हात घालून फळीवरचा चष्मा काढला आणि मागं वळताना पाय रांगोळीवरून घसरला. तोल सावरायला हात टेकला तो ताटात. भाताच्या मुदीत तीन बोटं, पार मधल्या पेरापर्यंत.

हात लुगड्याला पुसला, म्हणजे त्यांच्याच लुगड्याला, आणि पळालो.

घरी काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. आईनं पडदा सारला, ताट बघितलं आणि ती मटकन खाली बसली. जेवायला बोलावलेल्या सवाष्णी रडायला लागल्या. एकटे बाबा शांत होते. ते म्हणाले, "कोणी हात लावू नका," आणि कपाटातून व्हर्निअर काढून आणला. व्हर्निअर म्हणजे बारीक मापं घ्यायचं, जबड्यासारखं उघडमीट करणारं पोलादी साधन. मखमलीच्या पेटीत ठेवलेलं, आजोबांच्या फोटोपेक्षा जास्त वेळा पुसलेलं. त्यांनी तिन्ही खळग्यांची रुंदी घेतली, खोली घेतली, एका कागदावर लिहिली. मग एका परातीत साधा भात थापला आणि घरातल्या प्रत्येकाला त्यात बोटं खुपसायला लावली. आईला, सवाष्णींना, पूजा सांगायला आलेल्या गुरुजींना. शेजारचे काका तेवढे चिडले. "मी जेवाले आलो होतो, चोर म्हणून नाही," असं म्हणून ते उपाशी निघून गेले. त्यांनी आमच्याशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं.

कोणाचीच बोटं जुळली नाहीत.

सकाळी मी चहा पीत होतो. बाबा समोर येऊन बसले. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. रात्रभर जागलेला, पण थकलेला नाही.

"तू ड्युटीवर होता."

हा प्रश्न नव्हता. मी मान हलवली.

"हजेरी लागली ना?"

"लागली."

हे खोटं नव्हतं, एवढं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं. हजेरी लागलीच होती.

बाबांनी तरीही कारखान्याच्या टाइम ऑफिसला फोन केला. इन्स्पेक्शनचा माणूस कोणाच्या तोंडच्या शब्दावर विसंबत नाही, कागद मागतो. पलीकडच्या माणसानं सांगितलं, दोनला पाच कमी असताना कार्ड पंच झालं आहे. बाबांनी फोन ठेवला.

"घरच्यांपैकी कोणी नाही," ते आईला म्हणाले. "बाहेरून पुढच्या दारानं कोणी आलं नाही. मागचं अंगण घरच्यांशिवाय कोणाले माहीत नाही. पोरगा ड्युटीवर. मग उरलं कोण?"

आईनं महालक्ष्म्यांकडे वळून हात जोडले.

"मी चुकलो वो," बाबा म्हणाले. "तिले शरीर आहे."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण बोलायचं म्हणजे कार्डाचं सांगावं लागलं असतं. बाबांनी पस्तीस वर्षांत एक दिवस उशिरा हजेरी लावली नव्हती. दुसऱ्याचं कार्ड पंच करणाऱ्या माणसाशी त्यांनी एकदा भरल्या लग्नात हात मिळवला नव्हता, नवरदेवाचा बाप होता तो. त्यांच्या दृष्टीनं माझा गुन्हा काय ठरला असता हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी बोगस हजेरी लपवायला देवाला शरीर दिलं आणि चहाची कपबशी विसळायला उठलो.

पुढच्या वर्षी मला वाटलं, काहीच उमटणार नाही आणि हळूहळू सगळे विसरतील. पण आठ दिवस आधी बाबांनी नवा पाट करून आणला. सागवानी, खालून दोन आडव्या पट्ट्या मारलेला. "शरीर आहे म्हणजे वजन आहे," ते म्हणाले. "जुना पाट करकरत होता. बिचारी घास अर्धा टाकून उठली असेल." त्यांनी स्वतः त्या पाटावर उभं राहून दोनदा उडी मारली. मग आईलाही उभं केलं. त्यांच्या डोळ्यांत लहान मुलासारखी वाट बघणं होतं. मी त्या दुपारी परत कोणाला तरी कार्ड पंच करायला सांगितलं आणि मागच्या दारानं आत गेलो. पुन्हा तीन बोटं.

त्यानंतर दरवर्षी.

बाबा भाविक झाले, पण इन्स्पेक्शनच्याच पद्धतीनं. एक वही केली. मागच्या दाराबाहेर पायपुसणं टाकलं. तिसऱ्या वर्षी त्यांना एक अडचण सुचली आणि ते चार रात्री झोपले नाहीत. शरीर असेल तर ती एका वेळी एकाच ठिकाणी असणार. मग दुर्ग-भिलाईत इतक्या घरी एकाच दुपारी नैवेद्य असतो, ती सगळीकडे जेवते कशी?

त्यांनी ओळखीच्या मराठी घरांची यादी केली आणि फोन लावायला सुरुवात केली.

"तुमचा पडदा किती वाजता लागते? अडीच? मग असं करा, पावणेदोन करा. तुमच्याकडून आमच्याकडे यायले तिले वीस मिनिटं तरी पायजे. पद्मनाभपुरातले चारला करून राहिले, त्यांच्याशी बोलणं झालं आहे माझं."

"अहो, तुम्ही तिले शिफ्टमध्ये टाकलं," आई कपाळाला हात लावून म्हणाली.

"मग काय एकावर एक ताटं खाईल ती? अपचन होऊन जाईल."

यातले काही लोक हसले, काहींनी फोन ठेवून दिला. पण सांगायला लाज वाटते, चार-पाच घरांनी खरंच वेळ बदलली. त्यांच्याकडे काही बोटं उमटत नव्हती. ती आमच्याकडे उमटत होती. त्यामुळे आमच्या शब्दाला वजन होतं.

बाबा निवृत्त झाले तेव्हा भिलाईच्याच जुनवानी भागात घर बांधलं. देवघराशेजारी एक वेगळी खोली केली आणि मिस्तरीनं विचारलं, या खोलीला मागून दार कशाला? मी म्हणालो, हवा खेळती राहील. बाबा म्हणाले, "तिले जाण्यायेण्याले." दोघांचंही म्हणणं दारच हवं असं होतं, मिस्तरीनं दार केलं.

मध्ये माझं लग्न झालं. कारखाना बंद पडला आणि मी नेहरू नगरातल्या एका कोचिंग क्लासचं ऑफिस बघायला लागलो. तिथं सुट्टी सहज मिळते. तरी मी दरवर्षी त्या दिवशी घरी 'ऑफिसात फार काम आहे' असं सांगून निघायचो, कोपऱ्यावरच्या टपरीवर वेळ काढायचो आणि मागून आत शिरायचो. हे करताना मी कधी हसलो नाही. आत उभा राहिलो की दोघींकडे वर बघायचो नाही, फक्त 'माफ करा' म्हणायचो आणि बोटं टेकवायचो.

दहा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात कूलर साफ करताना माझं उजव्या हाताचं मधलं बोट पंख्याच्या पात्यात गेलं. वरचं अर्धं पेर गेलं. दोन महिन्यांत जखम भरली, पण बोट आखूड राहिलं ते राहिलं.

त्या वर्षी भाद्रपदात मला खरी भीती वाटली. डाव्या हातानं करावं तर नैवेद्याला डावा हात, आणि बोटांचा क्रमही उलटा. बाबांच्या नजरेतून ते सुटलं नसतं. काहीच केलं नाही तर बाबांचं काय होईल, हे मला बघवणार नव्हतं. शेवटी मनात म्हणालो, होऊन जाऊ दे एकदाचं. उजवाच हात टेकवला. मधली खूण इतर दोन्हींपेक्षा आखूड आली, अगदी स्पष्ट.

संध्याकाळी घरी आलो. बाबा वही मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी माझा हात मागितला. मी दिला. त्यांनी माझ्या मधल्या बोटावर व्हर्निअर लावला, वहीत बघितलं, परत बोट मोजलं. मी वाट बघत होतो की आता ते तोंडात मारतील आणि सगळं संपेल.

बाबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि ते रडायला लागले.

"तिनं तुहं दुखणं घेतलं रे बाबू," ते म्हणाले. "सेम टू सेम. मिलिमीटरचाबी फरक नाही."

मी त्या वेळीही काही बोललो नाही. पुन्हा सांगतो, एका शब्दानं बोललो नाही.

मागच्या वर्षी बाबांना जिना चढताना धाप लागायला लागली. रायपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप आवळत चालली आहे, बदलावी लागेल, वय आहे पण होऊन जाईल. थांबलात तर मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंतची खात्री आम्ही देत नाही. बाबांनी सगळे रिपोर्ट नीट वाचले, एका आकड्यावर पेन्सिलीनं गोल केला आणि घरी येऊन सांगितलं की ते ऑपरेशन करणार नाहीत.

"काऊन?" आईनं विचारलं.

"नऊ वर्षं झाली. तिचं मधलं बोट अजून आखूडच आहे. दरवर्षी मोजून राहिलो मी. जिले आपलं बोट वाढवता येत नाही ती माही झडप काय उघडणार? मोडक्या देवाच्या भरवशावर मी छाती फाडून घेऊ?"

"अहो, ऑपरेशन डॉक्टर करते. ती नाही."

"डॉक्टरच्या हातालेबी कोणीतरी हात लावावा लागते." मग म्हणाले, "यंदा बोट पूर्ण उमटलं, तर दुसऱ्या दिवशी रायपूर. नाही तर मले विचारू नका."

"देवाले मेडिकल फिटनेस मागून राहिले हे," आई मला म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. ती मागे वळली आणि गॅस पेटवायचा म्हणून तीन काड्या वाया घालवल्या.

त्या रविवारी मी बायकोला सांगितलं. ती पद्मनाभपूरची, रागावली की हिंदीत जाते. ती भाजी निवडत होती. मी सगळं सांगितलं, मॅच, चष्मा, कार्ड, बोटं. तिनं विळी बाजूला ठेवली.

"मतलब सतरा साल मी सोळा सोळा भाज्या तुमच्या या तीन बोटांसाठी करून राहिली होती?"

"देवीसाठीच केल्यास. बोटं फक्त..."

"चूप बसा. बाबांना सांगा, आत्ता."

"बाबांना सांगितलं तर ते म्हणतील देवीच नाही. मग ऑपरेशन कोणाच्या भरवशावर करतील?"

ती उठली, कणकेचा गोळा घेऊन आली आणि माझा हात ओढला. माझ्या मधल्या बोटाला तिनं कणकेचं टोपण घडवलं. आम्ही परातीत उरलेला भात थापून बघितला. पहिल्यांदा टोपण पसरलं. तिनं कणकेत तांदळाची पिठी घातली. दुसऱ्यांदा नीट उमटलं. तिसऱ्यांदा तर इतकं छान उमटलं की ती विसरून म्हणाली, "वा!" आणि मग एकदम तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. मी तिथंच बसून होतो, कणकेचं बोट वर धरून.

महालक्ष्म्यांच्या दिवशी पडदा लागला. मी मागच्या दारानं आत गेलो. टोपण बोटावर घट्ट बसलेलं होतं. 'माफ करा' म्हणालो आणि वाकलो, तेवढ्यात मागचं दार पुन्हा उघडलं.

बाबा होते. बनियनवर, अनवाणी, दाराची चौकट धरून धापा टाकत. उजव्या हाताची तीन बोटं धुऊन ओली केलेली, पुढे धरलेली.

पडद्यापलीकडे आई कोणाला तरी "श्श" म्हणाली.

"तू काय करून राहिला इथं?" बाबा कुजबुजले.

"तुम्ही काय करून राहिले?"

बाबांनी स्वतःच्या ओल्या बोटांकडे बघितलं. "मी बघाले आलो होतो. आखूड उमटलं असतं तर..." ते थांबले. "तर थोडं लांब करून देणार होतो. मले जगायचं आहे रे."

ज्यांनी आयुष्यात एक वाकडा रूळ पास केला नाही ते सत्त्याहत्तर वर्षांचे बाबा भात लांब करायला आले होते. माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवेना. मी हात मागे घेतला आणि त्या गडबडीत कणकेचं टोपण सुटलं आणि बरोबर मुदीच्या डोक्यावर पडलं.

"हे काय आहे?"

"कणीक."

बाबांनी टोपण उचललं, उजेडाकडे धरून बघितलं. मग माझं बोट बघितलं. रिपोर्ट वाचताना त्यांचे ओठ हलतात तसे हलले.

"ती बोटं माझी आहेत, बाबा," मी म्हणालो. "सगळी. दरवर्षीची."

"पहिल्या वर्षी तू ड्युटीवर होता."

"नव्हतो."

"कार्ड पंच झालं होतं. दोनला पाच कमी. मी स्वतः फोन केला होता."

"दुसऱ्यानं पंच केलं होतं."

बाबांचा चेहरा पांढरा झाला. मी त्यांना धरायला पुढे झालो, तर त्यांनी माझा हात झटकला.

"बोगस हजेरी?" ते म्हणाले. आता कुजबुज राहिली नव्हती. "तू? माह्या पोरानं बोगस हजेरी लावली?"

"बाबा, हळू. देवी..."

"देवीचं राहू दे! किती वेळा?"

"आठ वर्षं. म्हणजे आठ वेळा. कारखाना बंद पडेपर्यंत. मग गरज नाही पडली."

"आठ वेळा," बाबा म्हणाले आणि त्या सागवानी पाटावर बसले. देवीच्या पाटावर. तो करकरला नाही. पडद्यापलीकडून आईचा आवाज आला, "काय चालू आहे आत? जेवू द्या ना त्यायले!" आणि त्यावर बायको घाईघाईनं म्हणाली, "आई, वारा आहे."

आम्ही तसेच बसलो, बाबा पाटावर आणि मी जमिनीवर, वर दोघी. मुदीवर टोपणाची जेवढी खूण पडली होती ती बाबांनी चमच्याच्या पाठीनं सारखी केली. मग दोघं मागच्या दारानं बाहेर पडलो, घराला वळसा घालून पुढून आत आलो. कोणी काही विचारलं नाही. घरात एवढी माणसं होती की कोण कुठून आलं हे बघायला कोणाला फुरसत नव्हती.

आईनं टाळी वाजवून पडदा सारला. भाताची मूद गुळगुळीत होती.

मी आईच्या तोंडाकडे बघत होतो. ती ताटावर वाकली, नीट बघितलं आणि तिचा सगळा चेहरा सैल झाला.

"सुटली बाई मी," ती म्हणाली. "दरवर्षी भात चिवडून ठेवायची ती. लोकांसमोर मले इतकं कसंतरी व्हायचं. देवी असून बोटं खुपसते, कोणी वळण लावलं नाही का, असं वाटे. यंदा कशी नीट जेवली बघा."

"जेवली कुठं?" एक सवाष्ण म्हणाली. "ताट तर तसंच आहे."

"माहेरी माह्या कधी ताटाले हात लागला नाही, अन् कधी उपाशी नाही गेली ती," आई म्हणाली आणि पुरणपोळ्या वाढायला लागली.

बाबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आईशी बोलत, पेपर वाचत, माझ्याकडे बघत नसत. चौथ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. ते व्हरांड्यात बसले होते. त्यांच्या श्वासाचा आवाज फाटकापर्यंत येत होता.

"इकडे ये," ते म्हणाले. "म्हणजे तिचं बोट कधी तुटलंच नव्हतं."

"नाही."

"आखूड होतं ते तुहं."

"हो, बाबा."

"म्हणजे खोट मालात नाही. खोट माप घेणाऱ्यात अन् तुह्यात." त्यांनी दम घेतला. "नऊ वर्षं मी तिले रिजेक्ट करून ठेवलं होतं. रायपूरची तारीख घे."

मी खिशातून फोन काढला. नंबर दोनदा चुकला.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर ठेवलं होतं. नर्सनं पाच मिनिटं दिली. आई बाहेर बाकावर होती, बायको कागदांच्या खिडकीवर. बाबांनी मला जवळ वाकायला सांगितलं.

"तू वीस वर्षं आत गेला," ते म्हणाले. "मी एकदाच गेलो, अन् तेही चोरी कराले. तूच सांग. आत काही असते का?"

मला हे कधी कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी काही सांगितलं नसतं. मी म्हणालो, "माहीत नाही, बाबा. पण आत मी कधीच एकटा आहे असं वाटलं नाही. दरवेळी माफी मागायचो. रिकाम्या खोलीत कोणी माफी मागतं का, ते मला माहीत नाही."

"काही दिसलं?"

"काहीच नाही."

"आवाज?"

"नाही."

"मग काही लिहून घेण्यासारखं नाही," बाबा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. "तेवढं चालते मले."

नर्स आली. स्ट्रेचर वळताना त्यांनी डोळे उघडले आणि मला म्हणाले, "हजेरीचं विसरलो असं समजू नको." मग दार बंद झालं.

चार तास लागले. झडप नीट बसली, पण ते आम्हाला कळायला अजून वेळ होता. दुसऱ्या तासाला आईनं पिशवीतून डबा काढला. दोन पोळ्या आणि आदल्या दिवशीची चवळीची भाजी. मी नको म्हणालो. तिनं घास करून माझ्या तोंडासमोर धरला आणि मी तोंड उघडेपर्यंत हात तसाच धरून ठेवला. समोरच्या बाकावरची एक म्हातारी आमच्याकडे बघत होती. मी खाल्लं. खाताना रडू आलं, आईनं ते बघितलं आणि दुसरा घास केला.